करियानं खाल्लेल्या येळवशी

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हे मी वर्गात आजवर कितीतरी पोरांना सांगितलं असेल. साताचा पाढा हा पोरांचा वैरी. पाचाचा घडाघडा म्हणतात, दहाचा तर झोपेतही म्हणतील, पण सात आला की बेचाळीसला गाडी अडते आणि सगळे छताकडं बघायला लागतात. मग मी मध्ये कुत्रं आणते. तुमच्या दारातलं कुत्रं सहा वर्षांचं आहे, ते माणूस असतं तर किती वर्षांचं? की लगेच सगळ्यांच्या माना खाली, बोटं चालू. मी बीदरच्या एका मराठी शाळेत गणित शिकवते, आणि हे उदाहरण माझं हुकमी होतं. ते चूक आहे हे मला कमलनगरच्या जनावरांच्या दवाखान्यात कळलं, तेही अशा दिवशी की मला त्या गणिताचं उत्तर खरंच हवं होतं.

आज हे सगळं वर आलं ते सकाळच्या फोनमुळं. फोन अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. कमलनगरपासून आत, शेतातच दोन खोल्या बांधून राहतात. कशी आहेस, काय चाललंय वगैरे भानगड त्यांच्याकडं नाही. फोन उचलला की थेट पीक सुरू.

"जोंधळा निसवलाय बग. तुरी वाळायल्यात. हरभऱ्याला घाटे धरलेत."

"बरं."

"बरं काय? येळवस आली. आंबील कोण करणार हाय?"

"मीच की अप्पा. दरसाल कोण करतंय?"

"न्हाई, इच्यारलं आपलं," म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

आमच्याकडं न आलेल्या माणसाला येळवस समजावून सांगणं म्हणजे भुकेल्या माणसाला जेवणाचं वर्णन सांगण्यातला प्रकार आहे. पंचांगात तिला वेळअमावस्या म्हणतात, शेजारची कन्नड घरं एळ्ळमावास्ये म्हणतात, आमच्या तोंडी येळवस. मार्गशीर्षाची अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवतं. गावात राहतात ती म्हातारी माणसं आणि कुलपं. शेतात कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून कोप करायची, तिच्यावर शाल टाकायची, आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, मांडायचे, त्यांना आंबील दाखवायची आणि मग बसायचं. वालाच्या, तुरीच्या, हरभऱ्याच्या हिरव्या दाण्यांची बेसन लावलेली भज्जी, जोंधळ्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, बाजरीची भाकरी, गव्हाची खीर. आंबील म्हणजे जोंधळ्याचं आंबवलेलं पीठ ताकात शिजवून, लसूण-जिरं घालून मडक्यात गार केलेली. ती पिऊन माणूस उभा राहू शकत नाही, तिथंच काळ्या ढेकळांत आडवा होतो. ओळखीच्याला सोडा, रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हात धरून बसवतात. नाही म्हणलं तर भांडण होतं.

आणि आमच्याकडची जुनी माणसं वय मोजतात तेही येळवशीनं. लग्नाला किती वर्षं झाली, बैल किती वर्षांचा, विहीर कधी खोदली, सगळ्याला उत्तर एकच, इतक्या येळवशी झाल्या. माणसानं किंवा जनावरानं जेवढ्या येळवशी खाल्ल्या तेवढं त्याचं वय. जगलेल्या वर्षांपेक्षा खाल्लेल्या येळवशीवर विश्वास जास्त. अप्पांची स्वतःची जन्मतारीख शाळेतल्या मास्तरांनी ठोकून दिलेली आहे, सगळ्या गावाला दिली तीच. खरं काय ते एवढंच माहीत की निजामावर पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या पुढच्या सुगीत ते झाले.

करिया आमच्याकडं आला तोसुद्धा येळवशीलाच. करिया म्हणजे कन्नडमध्ये काळा. नाव ठेवलं शेजारच्या शेतातल्या बसप्पाअण्णांनी, कारण कोळशासारखं काळं पिल्लू, फक्त गळ्याखाली पांढरं. आईनं दगडांपुढं आंबील ठेवली, हात जोडून डोळे मिटले, आणि डोळे उघडून बघते तर हे पिल्लू कोपीत शिरून देवाची आंबील चाटतंय. शेपटी बाहेर, बाकी सगळं आत. माझ्या चुलत्यानं ढेकूळ उचललं. आई म्हणाली, "राहू द्या. पाचांच्या मागं कुत्रं असायलाच लागतंय." चुलत्यानं ढेकूळ टाकून दिलं. आईनं नवी आंबील ओतली, एक वाटी दगडांना, एक पिल्लाला. पोट नगाऱ्यासारखं फुगल्यावर ते तिच्या पदराच्या टोकावर झोपलं, आणि पदर ओढला तर जागं होईल म्हणून ती बाई दुपारभर जागची हलली नाही. आम्हीच सगळ्यांना वाढलं.

आई गेली ती येळवस अगदी तोंडावर आलेली असताना. उंड्यांचं पीठ दळून आणलेलं होतं. त्या वर्षी आमच्या शेतात कोप उभी राहिली नाही. मला वाटलं होतं, दिवस झाले की अप्पा गावातल्या घरी जातील, चुलत्यांच्या सोबतीनं राहतील. ते शेतातच राहिले. एकटे म्हणायचं नाही, करिया होता.

पुढची दोन वर्षं कशीबशी गेली. मग मला जे म्हणायचंय त्या हंगामात, पावसाळा उतरता उतरता, अप्पा बांधावरून घसरून पडले. हाड मोडलं नाही, नशीब. पण चिखलात पडून राहिले बराच वेळ. करियानं भुंकून भुंकून बसप्पाअण्णांना आणलं. अण्णा मला फोनवर सांगत होते, "अक्का, कुत्रं भुकायलं नव्हतं, शिव्या द्यायलं होतं बगा." मी हसले आणि फोन ठेवल्यावर रडले. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून शेतात गेले आणि म्हणाले, अप्पा, बस झालं. चला बीदरला.

"येतो की," म्हणाले.

मी वादाची एवढी तयारी करून गेले होते, ती सगळी वाया गेली.

"कधी?"

"करियाचं झालं की."

"म्हंजे काय? त्याला पण घेऊन चला."

"तिसऱ्या मजल्यावर? त्याला लघवी लागली की तू लिफ्टमदी घालून न्हेणार हायस का? आगं माय, त्या कुत्र्यानं जन्मात दार बघितलेलं न्हाई. कोंडून मारती काय?" मग जरा मवाळ होऊन म्हणाले, "त्याला एकटं टाकून येत न्हाई. त्याचं झालं की मी पिशवी भरतो. शब्द हाय."

अप्पांचा शब्द म्हणजे शब्द. तो मोडल्याचं माझ्या आठवणीत नाही. तेव्हा प्रश्न एवढाच उरला की करियाचं कधी होणार. खोटं कशाला बोलू, मी त्याचं वय मोजायला लागले. माझ्याकडं साताचा पाढा होताच.

"अप्पा, तेरा धरले तरी त्याचे एक्क्याण्णव झाले."

"कुणाचे?"

"करियाचे. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे आपली सात."

अप्पांनी करियाकडं बघितलं. तो उंबऱ्याशी पडला होता, आपल्याविषयी काही चाललंय हे कळून एक कान उभा. "एक्क्याण्णव? मंग तर माझा बाप लागला की ह्यो. मला कामून अप्पा म्हणायलीस मंग? त्याला म्हण. पाया पड त्याच्या."

"चेष्टा नाही अप्पा."

"मी कुठं चेष्टा करायलोय? घरातला थोरला माणूस शेतात टाकून धाकट्यानं बीदरला जाऊन पंख्याखाली बसायचं? लोक शेण घालतील तोंडात."

 पण एक्क्याण्णव हा आकडा मी मनात धरून ठेवला. एक्क्याण्णव वर्षांचा माणूस कितीसा काढणार?

दिवाळी झाली. थंडी पडली. तुरीला पिवळी फुलं येऊन गेली, शेंगा भरल्या, आणि करियानं भाकरी सोडली. दूध कालवून दिलं तरी वास घेऊन तोंड फिरवायचा. पाणी मात्र सारखं प्यायचा. बसप्पाअण्णांच्या मालाच्या ऑटोत पोतं अंथरलं, त्याला उचलून ठेवलं, आणि मी नि अप्पा दोन बाजूंना बसून कमलनगरला गेलो. दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, कलबुर्गीकडची. माझ्याशी कन्नडमध्ये बोलली, पण अप्पांचा फेटा बघून दख्खनीवर आली.

"अज्जा, कित्ते साल का है ये?"

"तेरा येळवस खाया," अप्पा म्हणाले.

दुसरीकडची डॉक्टर असती तर तिथंच अडलं असतं. ही हसली. "एळ्ळमावास्ये? तेरा? अच्छा खाया फिर."

"हौ, अच्छा खाया," अप्पा अभिमानानं म्हणाले, "आंबील बी पिया."

तिनं त्याचे डोळे पाहिले, हिरड्या दाबून पाहिल्या, पोट चाचपलं, रक्त घेतलं. मूत्रपिंडं थकली आहेत म्हणाली. औषध देते, पण त्यानं बरं वाटेल, बरा होणार नाही. उन्हाळा बघेल असं वाटत नाही. मी गणिताच्या बाईंच्या थाटात म्हणाले, साहजिक आहे, तेरा साते एक्क्याण्णव. तिनं मान हलवली. सातानं गुणायचं ही लोकांची सवय आहे, म्हणाली, पण कुत्रं तसं वाढत नाही. पहिल्या एका वर्षातच ते माणसाच्या पंधराएक वर्षांएवढं होतं. दुसरं वर्ष संपलं की चोविसाच्या आसपास. तिथून पुढं याच्यासारख्या मध्यम अंगाच्या गावठी कुत्र्याला वर्षाला चार-पाच धरा. लहान कुत्र्याचं वेगळं, मोठ्याचं वेगळं.

मी तिथंच साडेचार धरून हिशेब केला. दोन वर्षांचे चोवीस. उरली अकरा. अकरा साडेचार साडेएकोणपन्नास. साडेत्र्याहत्तर.

"साडेत्र्याहत्तर," मी अप्पांना सांगितलं.

"आणि माझी किती?"

"शहात्तर."

"मंग मीच थोरला," अप्पा म्हणाले आणि त्यांना एवढा आनंद झाला की औषधाच्या गोळ्या घ्यायच्या विसरूनच ते बाहेर पडले.

पण परतताना ऑटोत मला खटकलं. मी बोटांवर मोजलं. करिया आला ते साल मला पक्कं आठवतं, त्याच उन्हाळ्यात माझी बीदरला बदली झाली होती.

"अप्पा, तेरा नाही. या येळवशीला त्याची चौदा होतायत."

"तेराच."

"चौदा. मी मोजलंय."

"मी त्याला दरसाल आंबील वाढायलोय, मला शिकवू नको. तेरा."

ऑटो खड्ड्यांतून चाललेला, करियाचं डोकं अप्पांच्या मांडीवर, आणि आम्ही बाप-लेक तेरा-चौदा करत भांडतोय. बसप्पाअण्णा पुढून आरशात बघून हसत होते. शेवटी मी एकेक येळवस मोजायला घेतली. ही चुलत दादाच्या लग्नाची. ही गारपीट झाली ती. ही टाळेबंदीच्या सालातली, जिला आपण चौघंच होतो. आणि अप्पा एका ठिकाणी मला अडवायचे, दोनदा अडवलं, मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आई गेली ते वर्ष ते धरतच नव्हते.

"त्या साली येळवस कुणी खाल्ली?" अप्पा बाहेर बघत म्हणाले. "न्हाई खाल्ली तर धरायची कशी?"

"तुम्ही नसाल खाल्ली. तो जगला ना त्या वर्षी?"

 उरलेला रस्ताभर अप्पा करियाच्या डोक्यावर हात ठेवून बाहेरच बघत राहिले. मला वाटलं, झालं, दुखावलं मी यांना. माझ्या तोंडाला कधीच लगाम नसतो.

इकडं बीदरला आमच्याकडं तयारी सुरू झाली होती. माझे यजमान बीदरला लागूनच्या कोळारला एका गोदामात आहेत, वस्तू कुठं बसते नि कुठं नाही हे बघणं त्यांच्या अंगात मुरलंय. त्यांनी मागची खोली रिकामी केली, टेप लावून खाट बसवली, बाथरूममध्ये धरायला कडी ठोकली. खिडकीतून समोरच्या इमारतीची टाकी दिसायची. मी पडदा आणला. सकाळी विमानतळावरची शिकाऊ विमानं घरघरत डोक्यावरून जायला लागली की मला अप्पांचं जुनं वाक्य आठवायचं. एकदा दोन दिवस राहायला आले होते तेव्हा म्हणाले होते, "तुमच्या बीदरात आभाळात बी ट्रॅक्टर चालवायलेत. पेरत तर काई न्हाईत." तिसऱ्या दिवशी पहाटे उठून, न सांगता, कमलनगरच्या बसमध्ये बसले होते.

त्या हंगामात मी दर शनिवारी शाळा सुटली की शेतात जायचे. औषध देणं हे निमित्त. औषधानं करियाची भूक जरा परतली होती; अप्पा ते वेळेवर देत होते, भाकरीच्या घासात लपवून, आणि करिया भाकरी खाऊन गोळी बाहेर टाकत होता, आणि अप्पा ती परत उचलून परत लपवत होते. दोघांचीही चिकाटी बघण्यासारखी. मी ओट्यावर बसून वह्या तपासायचे. समोर हिरवा जोंधळा, त्याच्या पानांचा सळसळाट, उन्हाला हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबेचा आंबट वास. पायाला ती आंब लागली की बारीक चुणचुणायचं. मध्येच राखणीचा पत्र्याचा डबा कुणीतरी वाजवायचं, पाखरांचा थवा उठायचा आणि पुढच्या शेतात बसायचा.

तिथं बसून मी या दोघांना बघायचे. दोघं सकाळी शेताला चक्कर मारायला निघायचे. पूर्वी करिया पुढं पळायचा, आता मागं. अप्पा थोडं चालून थांबायचे, कमरेवर हात ठेवून तुरीकडं बघितल्यासारखं करायचे. तुरीत बघण्यासारखं काही नसायचं, दम लागलेला असायचा. तेवढ्यात करिया येऊन टेकायचा. मग तो बसायचा आणि अप्पांना वाटायचं त्याच्यासाठी थांबावं, आणि त्याला वाटत असणार अप्पांसाठी बसावं. असं करत एका चकरेला त्यांना सगळी सकाळ लागायची. दोघांनाही डाव्या बाजूनं कमी ऐकू यायचं. दोघंही बसल्या जागी डुलकी घ्यायचे आणि हाक मारली की मी कुठं झोपलो होतो असा चेहरा करायचे. करियाच्या तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले होते, अप्पांची दाढीही आठवड्याची पांढरी. एकदा मला फस्सकन हसू आलं. अप्पांनी विचारलं, काय झालं? मी म्हणाले काही नाही, एका पोरानं गणित चुकवलंय.

आणि मग एका शनिवारी, वह्यांच्या गठ्ठ्यावर कोपर टेकून, मी ते गणित उलटं केलं. आजवर सगळे कुत्र्याचं वय माणसात करतात. माणसाचं कुत्र्यात कुणी करत नाही. अप्पा शहात्तर. त्यातून चोवीस गेले, बावन्न. भागिले साडेचार. अधिक दोन. साडेतेरा, आणि वर थोडं. म्हणजे करियाच्या हिशेबानं अप्पा साडेतेरा येळवशींचे. अशी गावठी कुत्री पंधरापर्यंत जातात, नशिबानं. उरली किती? दीड.

मी पेन खाली ठेवलं. दीड येळवस, करियाच्या मापाची. आणि ती दीड मी त्यांना कुठं खायला घालणार होते, तर टाकीसमोरच्या खिडकीत, पडदा लावून. तिथं ते सुखरूप राहिले असते, यात शंका नाही. पडले असते तर पाच मिनिटांत दवाखाना. मला भीती वाटत होती, अजून वाटते, ती काही गणितानं गेली नाही. पण दीड हा आकडा एकदा डोक्यात बसला तो बसला. मला माझ्या बापाचा कळवळा आला, इतका की मी उगाच उठून त्यांना चहा केला. नुकताच घेतला होता, म्हणाले, पण प्यायले.

करिया येळवस यायच्या आधीच्या आठवड्यात गेला. सकाळी चकरेला निघाला, विहिरीच्या कडेच्या बोरीपर्यंत गेला, आणि तिथं टेकला तो उठलाच नाही. अप्पांना वाटलं, आपल्यासाठी थांबलाय. तेही थांबले. बसप्पाअण्णांनी आणि अप्पांनी मिळून बोरीखालीच खड्डा केला. मी पोहोचले तेव्हा माती ओढून झाली होती आणि वर बोराटीचे काटे टाकले होते, कोल्ह्यानं उकरू नये म्हणून.

अप्पा ओट्यावर बसले होते. अंगात धुतलेला सदरा. डोक्याला फेटा. बाजूला पिशवी. पिशवीच्या तोंडातून टॉवेलचं टोक दिसत होतं. शब्द म्हणजे शब्द.

"चल," म्हणाले. "चारची बस हाय."

मी त्यांच्याकडं बघितलं, मग पिशवीकडं, मग मागं उभ्या जोंधळ्याकडं. चार महिने मी याच वाक्याची वाट बघितली होती. खाट तयार होती, कडी ठोकलेली होती. आणि आता मला त्या म्हाताऱ्याला उठवून ऑटोत घालायचं धाडस होईना.

"अप्पा, असं कसं? सुतक आहे."

"कशाचं?"

"करियाचं."

"येडी का खुळी तू? कुत्र्याचं सुतक असतंय व्हय?"

"घरातल्या थोरल्या माणसाचं असतं ना?"

"थोरला मी. साडेत्र्याहत्तर त्याचे. तूच म्हणलीस दवाखान्यात."

"ते तेरा धरले तर. चौदा धरले तर अठ्ठ्याहत्तर होतात. तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी थोरला." मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले. "पण त्यासाठी ते एक वर्ष धरावं लागतं, अप्पा."

अप्पा बोरीकडं बघत बसले. मला वाटलं, उठून आत जातील.  जोंधळ्यात पाखरं उतरली आणि त्यांना हाकलायला कुणी उठलं नाही.

"त्या साली मी बाजंवरून उठत नव्हतो," अप्पा म्हणाले. "तुला ठाव न्हाई. कुणालाच ठाव न्हाई. ह्यो यायचा आन् धोतराचा सोगा धरून वढायचा. सोडायचाच न्हाई. शिव्या दिल्या, लाथ बी मारली एकदा. परत यायचा. उठल्याबिगर भाकरीला तोंड लावायचा न्हाई." त्यांनी फेट्याच्या टोकानं डोळे पुसले, सरळ पुसले, लपवून नाही. "त्यानं जगलंय ते साल. धर. चौदा धर."

मी मान हलवली. 

"मग थोरला गेला," मी म्हणाले. "यंदा आपल्याकडं कोप नाही, येळवस नाही. आणि जे वर्ष धरायचंच नाही, त्या वर्षात माणूस घर कसं सोडणार?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या बापाला गणित येत नाही, पण मी कुठला हातचा घेतला हे त्यांना बरोबर कळलं होतं. त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला, झटकला, आणि आत जाऊन खुंटीला अडकवला.

त्या येळवशीला आमच्या शेतात चूल पेटली नाही, पण बसप्पाअण्णांच्या घरून ताटं आलीच. भज्जी, उंडे, खीर, आणि मडकंभर आंबील. अप्पांनी पोटभर खाल्लं, ढेकर दिला आणि म्हणाले, "दुसऱ्याची खाल्लेली धरत न्हाईत." मी म्हणाले, नाहीच धरत.

त्याला आता दोन वर्षं होतील. अप्पा शेतातच आहेत. बसप्पाअण्णा सकाळी हाळी देतात आणि मला फोन करतात, "अक्का, उठलेत. शिव्या द्यायलेत," म्हणजे माझा जीव भांड्यात पडतो आणि मी शाळेला निघते. मागच्या खोलीतल्या खाटेवर इस्त्रीचे कपडे साठतात. बाथरूममधल्या कडीला मीच धरते आता, माझेही गुडघे बोलायला लागलेत. वर्गात सात आला की मी अजून कुत्रं आणते, पण पाढा म्हणून झाला की सांगते, हे फक्त पाढ्यापुरतं, कुत्र्याला लावू नका.

मघाशी मी परत फोन केला. ताक किती लावू, हे विचारायला. दर वर्षी विचारते, ते दर वर्षी आई लावायची तेवढं म्हणतात. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "सुरे, माझी आता किती झाली गं?"

"अठ्ठ्याहत्तर."

"न्हाई," म्हणाले. "करिया गेला ती सोडून मोज."

मी सोडून मोजलं. सत्याहत्तर.